पाहुण्यांसाठी एक अकाउंट

गणपतीला मुंबईकर यायच्या आत एक काम उरकून घे, बाय. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांसाठी वेगळं अकाउंट काढून ठेव. काम अर्ध्या तासाचं आहे, पण घर भरल्यावर ते होत नाही. पोरं खुर्चीभोवती जमलेली असतात, कुणाला तरी परतीचं तिकीट छापायची घाई असते, आणि मग 'माझंच उघडं आहे, यावरच कर' असं सहज तोंडातून निघून जातं. पुढचे सगळे घोळ तिथून सुरू होतात. पतसंस्थेत माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात गेलं. ऑफिसातल्या यंत्राला निदान कुणीतरी वाली असतो. घरातल्या यंत्राला तो नसतो, म्हणून ती जबाबदारी मी तुझ्यावर टाकतोय.

त्या एका डब्यात कुणाकुणाचं काय साठलंय ते एकदा आठवून बघ. जावईबापूंच्या दुकानाची बिलं आणि जीएसटीची रिटर्न्स. तुझ्या वर्गाचे मार्क. सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद आणि बँकेची स्टेटमेंट्स. सासूबाईंनी जपलेले नातवंडांचे फोटो. पुतणीच्या बारावीच्या नोट्स. येणारा पाहुणा यातलं काही मुद्दाम बिघडवायला येत नाही. नऊ-दहा वर्षांचा पोरगा फुकटात गेम मिळतो म्हणून कुठल्याशा साइटवरून काहीतरी उतरवतो, पुढे येणाऱ्या प्रत्येक चौकटीत 'येस' दाबत जातो, आणि तू त्या वेळी अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असशील तर तो प्रत्येक 'येस' तुझ्या नावावर जातो. कोण बसलंय हे यंत्राला दिसत नाही, त्याला फक्त अकाउंट दिसतं. जो प्रोग्रॅम चालतो तो त्या अकाउंटचे अधिकार घेऊन चालतो. वेगळ्या अकाउंटचं सगळं महत्त्व या एका गोष्टीत आहे.

पूर्वी हे असं नव्हतं. विंडोज ९८ च्या दिवसांत घरच्या कॉम्प्युटरवर पासवर्डची चौकट यायची, पण एस्केप दाबलं की ती निघून जायची आणि माणूस आत. २००१ साली एक्सपी आलं, आणि सुरुवातीच्या पडद्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि शेजारी चित्र दिसू लागलं. त्यातच 'गेस्ट' नावाचं एक तयार अकाउंट असायचं, ते फक्त चालू करायचं. विंडोज ८.१ पर्यंत हीच सोय होती, म्हणून अजूनही पुष्कळ लोक सेटिंगमध्ये ते शोधत बसतात. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ते सेटिंगमधून गेलं. मग लोक म्हणतात, गेस्ट आता मिळत नाही, आणि स्वतःचंच अकाउंट पाहुण्याच्या हातात देतात. त्याची काही गरज नाही. साधं 'स्टँडर्ड' प्रकारचं अकाउंट आपण स्वतः काढायचं, की काम झालं.

ते असं काढ. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, तिथे अ‍ॅड अकाउंट. पुढच्या चौकटीत ते ईमेल मागेल. तिथे कुणाचाही ईमेल देऊ नकोस. त्या रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, या माणसाची साइन-इनची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची, ती दाब. पुढच्या पानावर पुन्हा ईमेलबद्दलच विचारतील आणि पुन्हा खालच्या बाजूला मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडण्याची ओळ असेल, ती दाब. आता नाव मागेल. 'गेस्ट' हे नाव विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलंय, ते घेऊ देत नाही. 'पाहुणे' असंच नाव दे, पण इंग्रजी अक्षरांत लिही. त्या नावावरूनच आत फोल्डर तयार होतो, आणि काही जुने प्रोग्रॅम देवनागरी नावाच्या फोल्डरवर अडकतात. पासवर्ड दिलास तर तो विसरल्यास विचारायचे तीन प्रश्नही भरून घेतात. सोपासा पासवर्ड दे, घरातल्या मोठ्यांना सांग आणि बास. शेवटी अकाउंटच्या नावावर क्लिक करून प्रकार स्टँडर्डच आहे ना, हे डोळ्यांनी बघ. आपोआप तसाच असतो, तरीही बघ.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लोक टाळतात. तू स्वतःसुद्धा रोज स्टँडर्ड अकाउंटवरच बसायचं. जावईबापूंनीही. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने जे पहिलं अकाउंट उघडून दिलं ते अ‍ॅडमिन असतं, आणि बहुतेक घरांत वर्षानुवर्षं सगळं त्यावरच चालतं. एक नवं अकाउंट काढ, त्याला अ‍ॅडमिन कर, त्याला चांगला लांब पासवर्ड दे, आणि त्या अकाउंटने एकदा लॉगिन होऊन ते नीट चालतंय याची खात्री कर. मगच तुमची रोजची अकाउंट्स स्टँडर्ड कर. हा क्रम उलटा करू नकोस. नाहीतर एक दिवस घरात अ‍ॅडमिनच शिल्लक नाही अशी वेळ येईल. त्यानंतर नवा प्रोग्रॅम टाकताना पडदा अंधारेल आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. ही चौकट २००७ च्या व्हिस्टापासून आली आणि तेव्हा लोकांनी तिला फार शिव्या घातल्या. मला मात्र ती नेहमीच आवडली. आपण काहीही उतरवायला गेलेलो नसताना ती पुढे आली, की नको तिथे काहीतरी चाललंय हे तिथल्या तिथे कळतं.

स्टँडर्ड म्हणजे सगळं बंद, असं मात्र धरून चालू नकोस. काही प्रोग्रॅम अ‍ॅडमिनला न विचारता त्या अकाउंटपुरते स्वतःला टाकून घेतात. ब्राउझर, मीटिंगची अ‍ॅप्स ही त्यातलीच. त्यांचा पसारा त्या अकाउंटच्या फोल्डरात राहतो, एवढा फायदा आहे.

आणि आता डी ड्राइव्ह. इथे जरा नीट लक्ष दे, कारण आपल्याकडे कॉम्प्युटर विकतानाच डिस्कचे दोन-तीन भाग करून द्यायची पद्धत आहे, आणि घरोघरी फोटो, बिलं, लग्नाची व्हिडिओ शूटिंग हे सगळं डी मध्ये टाकलेलं असतं. सी ड्राइव्हवर प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर असतो, आणि एका स्टँडर्ड अकाउंटला दुसऱ्याच्या नावाचा फोल्डर उघडता येत नाही. डी ड्राइव्हला असं काही नसतं. विंडोज नेहमीच्या पद्धतीने जो ड्राइव्ह तयार करतं त्यात लॉगिन झालेल्या कुणालाही वाचायची, बदलायची आणि पुसायचीही मुभा असते. म्हणजे तू इतकं सगळं करून पाहुण्यांचं अकाउंट काढलंस आणि त्या अकाउंटवर एखादा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्रॅम शिरला, तर सी वरचे तुमचे फोल्डर वाचतील आणि डी वरचे फोटो जातील. वेगळं अकाउंट काढून निश्चिंत झालेल्या कितीतरी घरांत मी हे उघडं दार पाहिलंय.

यावर सोपा उपाय म्हणजे ज्याचं त्याने आपापल्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये ठेवायचं. सी मध्ये जागा नसेल तर डी वर प्रत्येकाचा एक फोल्डर कर, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीत जाऊन वरून आलेले अधिकार तोड, आणि ज्याचा फोल्डर त्याचं नाव, सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स एवढेच ठेव. हे जपून करावं लागतं, म्हणून आधी एखाद्या रिकाम्या फोल्डरवर हात बसव. अडलं तर मला फोन कर, रात्रीचा केलास तरी चालेल.

मग तपासणी. पाहुण्यांच्या अकाउंटने लॉगिन हो आणि पाहुण्यासारखी बस. सासऱ्यांचा फोल्डर उघडतो का? जीएसटीची एक्सेल शीट उघडते का? ब्राउझरमध्ये कुणाची जीमेल आधीच उघडी दिसते का? प्रिंटर चालतो का? हे शेवटचंही तितकंच महत्त्वाचं. प्रिंटर चालला नाही की पाहुणा पुन्हा तुझ्याच अकाउंटवर येणार. म्हणून एक कागद छापून बघच. तिकडून परत आलीस की आपल्या अकाउंटवरून लॉक करायची सवय लाव, विंडोजचं बटण आणि एल, दोन्ही एकदम. भाजी परतायला उठलीस तरी. हाताला इतकं वळण पडलं पाहिजे की त्याचा वेगळा विचारच करावा लागू नये.

घरातल्या मोठ्यांना हे कसं सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न असणार, मला ठाऊक आहे. पासवर्ड म्हटलं की सासऱ्यांना वाटेल, आपल्याच घरात आपल्यावर अविश्वास. त्यांच्याशी सुरक्षेवरून बोलूच नकोस. त्यांच्या अकाउंटवर अक्षरं मोठी करून दे. डेस्कटॉपवर त्यांना लागतात ती चार चित्रं, बँक, वर्तमानपत्र, पेन्शनचा फोल्डर आणि भजनांचा फोल्डर, एका ओळीत लावून दे. मराठी टायपिंगचा कीबोर्ड चालू करून दे. मग सांग की हे सगळं तुम्ही ठेवाल तसंच राहील, पोरांनी आपल्या अकाउंटवर काय वाट्टेल ते केलं तरी तुमचं चित्र जागचं हलणार नाही. ज्यांना रोज सकाळी आपला चष्मा आपल्याच जागी लागतो, त्या माणसाला याची किंमत लगेच कळते. सासूबाईंनाही अगदी हेच. त्यांच्यासाठी पासवर्डऐवजी चार आकडी पिन ठेव, जन्मसाल मात्र नको. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. तो कुणी पाहिला तरी त्यावरून त्यांची मेल दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.

पण पिनसुद्धा नको, असं कुणी म्हणालं तर तिथे ठाम राहा. विंडोजच्या अकाउंटला काहीच लावलेलं नसेल, तर ब्राउझरने साठवलेले पासवर्ड बघायला त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. पासवर्ड किंवा पिन असला तर तो आधी मागितला जातो. बँकेच्या साइटचा पासवर्ड तर ब्राउझरात साठवायचाच नाही, कुणीही आणि कधीही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैमध्ये ग्राहकांच्या जबाबदारीबद्दल एक परिपत्रक काढलं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे पळवले, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाचं नुकसान शून्य, असं त्यात म्हटलंय. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्यालाच सोसावं लागतं. घरातल्या घरात 'अमक्याला माझा पासवर्ड माहीत आहे' हे आपल्याला प्रेमाचं वाटतं, पण कागदावर त्याला निष्काळजीपणा म्हणतात. पैसे गेले असं वाटलं तर आधी बँकेला फोन आणि लगेच १९३० ला. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेव.

पाच मिनिटांचं काम असेल, नुसता पीएनआर बघायचा असेल, तर पाहुण्याला वेगळ्या अकाउंटवर पाठवायचीही गरज नाही. क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की गेस्टची खिडकी उघडता येते. त्यात तुझे बुकमार्क नाहीत, तुझे पासवर्ड नाहीत, आणि ती बंद केली की त्या माणसाची लॉगिन्सही पुसली जातात. लोक त्याऐवजी इनकॉग्निटो उघडून देतात. त्या दोहोंत फरक आहे. इनकॉग्निटो हे तुझ्याच प्रोफाइलचं असतं. त्यात तू काय बघितलंस याची नोंद राहत नाही, पण तुझे बुकमार्क तिथे दिसतात आणि साठवलेले पासवर्डही भरायला पुढे येतात. तू दुसऱ्याच्या नजरेपासून लपण्यासाठी इनकॉग्निटो, दुसऱ्याला तुझ्यापासून वेगळं बसवण्यासाठी गेस्ट.

दोन्हींत एक गोष्ट मात्र मागे राहते, ती म्हणजे उतरवलेली फाइल. डाउनलोड्सचा फोल्डर कुणी आपोआप झाडत नाही. आणि आपल्या घरांत दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लोक काय छापतात? आधार, पॅन, मार्कशीट, तिकीट. आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते खरी, पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. घरात असा कोण आहे ज्याला हे माहीत नसेल? म्हणून छापून झालं की ती फाइल पाहुण्यादेखतच पुसायची आणि रिसायकल बिनही रिकामा करायचा. नुसती ओळख दाखवण्यापुरता कागद हवा असेल तर शेवटचे चारच आकडे दिसतात असं 'मास्क्ड आधार' उतरवता येतं, तेही सांग. बिचाऱ्यांना ते बहुतेक वेळा माहीत नसतं.

सगळ्यात जास्त विसर पडतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा. 'तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, थांब, वेबवर उघडतो' म्हणून पाहुणा फोनने चौकोन स्कॅन करतो, छापतो, ब्राउझर मिटतो आणि जेवायला उठतो. ब्राउझर मिटला म्हणजे लॉगआउट झालं, असा त्याचा समज असतो. तो मुंबईला पोचतो आणि त्याचे घरगुती निरोप तुमच्या हॉलमध्ये येत राहतात. त्याला फोनमध्येच लिंक्ड डिव्हायसेस उघडून यादी दाखव आणि तुमचा कॉम्प्युटर त्याच्याच हाताने तिथून काढायला लाव. त्या यादीत कधीकधी जुन्या ऑफिसातलं किंवा एखाद्या सायबर कॅफेतलं यंत्रही सापडतं. तेव्हा माणूस जे मनापासून आभार मानतो, ते ऐकण्यासारखे असतात.

उलट बाजूचाही एक प्रकार सांगतो. ओळखीतल्या एका घरी लग्नाला आलेल्या तरुण मुलाने त्यांच्याच ब्राउझरात आपली जीमेल उघडली. मध्ये एक चौकट आली, सिंक चालू करू का म्हणून, त्याने हो म्हटलं. काही आठवड्यांनी त्या घरातल्या ताईंना कळलं की आपले बुकमार्क आणि काही पासवर्ड त्या मुलाच्या फोनवर जाऊन बसलेत. मुलगा भला होता, त्यानेच फोन करून सांगितलं. तो गप्प बसला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. त्यांना सगळे पासवर्ड बदलावे लागले. दुसऱ्याच्या यंत्रावर सिंकला कायम नाही म्हणायचं, हे तुझ्या पोराच्या आणि पुतणीच्या कानावर घाल, कारण उद्या तेही कुणाचे तरी पाहुणे असणार.

पेनड्राइव्हचं थोडक्यात. फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसणारा तो व्हायरस तुमच्या शाळेतही येऊन गेलाय, तेव्हा नव्याने सांगायला नको. २०११ पासून विंडोजने पेनड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी चालू होण्याची सोय बंद केली, पण बोट दाबणारा माणूस तोच आहे. पाहुण्यांचा पेनड्राइव्ह पाहुण्यांच्याच अकाउंटवर लावायचा, आधी त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने तपासायचा. आणि फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलींची शेपटं दिसतील असं सेटिंग कर. 'बारसं' नावाच्या फोटोच्या मागे ईएक्सई असं शेपूट दिसलं तर तो फोटो नव्हे.

वाय-फायचंही एका वाक्यात सांगतो. पाहुणा दारात आला की पाण्याच्या आधी वाय-फाय विचारतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क चालू करता येतं, ते कर, म्हणजे त्यांचे फोन तुमच्या कॉम्प्युटरशेजारी येऊन बसत नाहीत.

तुझ्या दिराकडे पुण्याला मॅक आहे. तिथे गेस्ट युजर अजून आहे आणि तो फार छान चालतो. पाहुणा लॉगआउट झाला की त्याने केलेलं सगळं पुसलं जातं. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू असेल तर गेस्टला फक्त सफारी मिळतं, तेही बहुतेकांना पुरतं. विंडोजवरचं आपलं 'पाहुणे' असं स्वतःहून पुसत नाही, हा मोठा फरक लक्षात ठेव. म्हणून सगळे परतले की फोन करून विचार, कुणाचे फोटो किंवा कागद राहिलेत का, ते पाठवून दे, आणि मग ते अकाउंट त्यातल्या फाइलींसकट काढून टाक. पुढच्या वेळी नवं काढायचं. साफसफाई करत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

तरीही कुठल्याच गेस्ट अकाउंटवर डोळे मिटून विसंबू नये. २००९ साली मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीत एक दोष निघाला होता. काही जणांनी गेस्टमध्ये जाऊन परत आपल्या अकाउंटवर लॉगिन केलं तर त्यांच्याच फाइली गायब. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १०.६.२ या अपडेटने तो दुरुस्त झाला, पण ज्यांच्याकडे बॅकअप नव्हता त्यांचं गेलं ते गेलं. २०१७ मध्ये उबंटू नावाच्या प्रणालीत असंच एक निघालं. पाहुण्याला मर्यादेत ठेवणारं कुंपण नव्या आवृत्त्यांत लागूच होत नव्हतं, शेवटी अपडेट देऊन ती सोयच बंद करावी लागली. दोन्हींवरून घ्यायचं ते एवढंच की अपडेट थांबवायची नाहीत आणि बॅकअप वेगळा ठेवायचा. तुमचं यंत्र अजून विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे अपडेट संपलेत. यंत्र ११ घेत असेल तर घे, घेत नसेल तर मला सांग, आपण बघू. आणि बॅकअपची डिस्क वापरून झाली की काढून वरच्या माळ्यावर ठेव. चिपळुणात राहणाऱ्याला २०२१ च्या २२ जुलैच्या पुरानंतर हे का, ते मी सांगायला नको.

अकाउंटच्या भिंती यंत्र चालू असताना उभ्या असतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तर त्या भिंती राहत नाहीत, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तरच ती बंद राहते. विंडोज होमवर पूर्ण बिटलॉकर नसतं, पण बऱ्याच नव्या यंत्रांत डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत बघ. चालू केलंस तर त्याची रिकव्हरी की छापून घरातल्या कागदपत्रांत ठेवायची, कारण ती हरवली तर स्वतःच्याच फाइली परत मिळत नाहीत. दुरुस्तीला यंत्र देताना तर या सगळ्याचा विचार दुप्पट. तुझा रोजचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस. आधी बॅकअप घे, मग त्या कामापुरतं अकाउंट काढून दे, आणि यंत्र घरी आलं की ते काढून टाक.

आता शेवटचं, आणि हे फक्त तुला सांगतोय, कारण अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुझ्याकडे असणार. अ‍ॅडमिनला सगळ्यांचे फोल्डर उघडता येतात. दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलंस की विंडोज आधी म्हणतं की तुला परवानगी नाही, आणि खाली कंटिन्यू असं बटण देतं. ते दाबलंस तर परवानगी त्या एका वेळेपुरती मिळत नाही, ती कायमची लिहिली जाते. पुतणी आता अठराची होईल. तिच्या अकाउंटमध्ये काय आहे याची काळजी घरात सगळ्यांनाच वाटते, ते मला समजतं. पण ते बटण काळजीपोटी दाबायचं नाही. काही विचारायचं असेल तर तिला समोर बसवून विचार. घरातल्या प्रत्येकाला आपली ओसरी आणि आपली खोली दोन्ही असावी लागतात, आणि कॉम्प्युटरमध्ये ती खोली राखणं आता तुझ्याकडे आलंय.

आणि तो पासवर्ड तुझ्या एकटीच्या डोक्यात राहू देऊ नकोस. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिही, शून्य आणि इंग्रजी ओ यांत फरक कळेल असा, वर तारीख घाल, पाकीट चिकटव आणि कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेव. कुठे ठेवलंय ते जावईबापूंना दाखव. पासवर्ड बदललास त्याच दिवशी नवा कागद आत घाल आणि जुना फाडून टाक.